देवालय आणि रंगभूमी : पेर्गोलेझीच्या ‘स्ताबात मातेर’मधील शब्द आणि स्वर

(१)

भक्तिसंगीतावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी एक आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट आहे. तो असा, की जी चाल रंगभूमीवर शोभते ती देवापुढे शोभत नाही. गिरणाकाठच्या भडगावसारख्या गावी हरिनाम सप्ताह चालू असावा, एखाद्या भजनी मंडळाने लोकप्रिय चित्रपटगीताच्या चालीवर अभंग धरावा आणि जुन्या पिढीतील टाळकऱ्यांनी मान फिरवावी, हा प्रसंग खानदेशातील वाचकास अपरिचित नाही. ह्या नापसंतीमागे एक सिद्धान्त गृहीत धरलेला असतो : चालीला स्वतःची अशी वृत्ती असते, ती तिच्या उगमस्थानी ठरते आणि शब्द बदलले तरी ती बदलत नाही.

नेमका हाच सिद्धान्त बोलोन्या येथील विद्वान धर्मगुरू पाद्रे मार्तीनी ह्यांनी आपल्या प्रतिस्वररचनेवरील ग्रंथात (१७७४-७५) मांडला आणि त्यासाठी उदाहरण घेतले ते जोव्हान्नी बात्तिस्ता पेर्गोलेझी ह्याच्या ‘स्ताबात मातेर’चे. मार्तीनी ह्यांचे म्हणणे असे, की ह्या रचनेतील स्वरवाक्ये आणि पेर्गोलेझीच्याच ‘ला सेर्वा पाद्रोना’ ह्या विनोदी संगीतिकेतील स्वरवाक्ये ह्यांची घडण एकच आहे. मालकिणीच्या तोऱ्यात वावरणाऱ्या चतुर मोलकरणीसाठी वापरलेली शैली क्रुसाखाली उभ्या असलेल्या मातेच्या शोकाला कशी चालेल?

हा प्रश्न केवळ युरोपीय संगीताच्या इतिहासापुरता नाही. शब्द आणि स्वर ह्यांच्या संयोगातून अर्थ कसा निष्पन्न होतो, हा त्याचा गाभा आहे. आणि म्हणून तो भाषेच्या अभ्यासकाचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात मार्तीनी ह्यांच्या आक्षेपाची परीक्षा त्या अंगाने केली आहे.

(२)

पेर्गोलेझीचा जन्म १७१० साली इटलीतील येझी येथे झाला आणि १७३६ च्या मार्च महिन्यात, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, नेपल्सजवळील पोत्सुओली येथे क्षयाने त्याचा अंत झाला. त्याचे शिक्षण नेपल्समधील ज्या संगीतशाळेत झाले तिचे नावच ‘येशू ख्रिस्ताचे दरिद्री’ असे होते. अनाथ व निर्धन मुलांच्या आश्रयस्थानांतून नेपल्समध्ये अशा चार शाळा वाढल्या होत्या. तेथील मुले चर्चमधील उपासनेत आणि मिरवणुकांत गात, आणि त्यांच्यातूनच पुढे संगीतिकांचे रचनाकार व गायक निपजत. देवालय आणि रंगभूमी ह्यांच्यात आज दिसणारी भिंत त्या शहरात तितकीशी उंच नव्हती. १७३१ साली पेर्गोलेझीने संत विल्यमच्या धर्मांतरावर जे नाट्य स्वरबद्ध केले, ते धार्मिक विषयावरील असूनही त्यात नेपल्सच्या बोलीत बोलणारा एक विनोदी शिपाईगडी आहे. १७३३ साली ‘ला सेर्वा पाद्रोना’ रंगभूमीवर आले, तेही एका गंभीर संगीतिकेच्या अंकांमधील विरंगुळा म्हणून.

‘स्ताबात मातेर’ ही त्याच्या अखेरच्या काळातील रचना होय. शोकमग्न मातेच्या उपासनेस वाहिलेल्या नेपल्समधील एका सरदारी बंधुसंघाकडे तोपर्यंत आलेस्सान्द्रो स्कार्लात्ती ह्याची त्याच पद्यावरील रचना गायिली जात असे. ती मागे पडून तिच्या जागी नवी रचना हवी होती. पेर्गोलेझीने साधनसामग्री स्कार्लात्तीचीच ठेवली : एक सोप्रानो, एक आल्टो, तंतुवाद्ये आणि ऑर्गनचा आधार. पुढे ही रचना स्त्रियांच्या व मुलांच्या वृंदांनीही गाइली. १७७६ साली लाइप्झिग येथे योहान आडाम हिलर ह्याने क्लोपश्टोकच्या जर्मन शब्दांसह तिचे चार आवाजांच्या वृंदासाठी रूपांतर प्रसिद्ध केले. वृंदगायनाच्या परंपरेत तिचा शिरकाव झाला तो असा.

मूळ लॅटिन पद्य तेराव्या शतकातील मानले जाते. त्याचे कर्तृत्व कधी याकोपोने दा तोदी ह्या फ्रान्सिस्कन कवीकडे, तर कधी पोप तिसरे इनोसंट ह्यांच्याकडे दिले जाते. सोळाव्या शतकातील त्रेंत येथील धर्मपरिषदेनंतर ते उपासनाविधीतून वगळले गेले होते. १७२७ साली पोप तेरावे बेनेडिक्ट ह्यांनी ते पुन्हा विधीत आणले. म्हणजे पेर्गोलेझीने लेखणी हाती घेतली तेव्हा ह्या प्राचीन पद्याला चर्चमध्ये पुनःप्रवेश मिळून जेमतेम नऊ वर्षे झाली होती.

(३)

ह्या पद्याची छंदोरचना मराठी वाचकास वाटते तितकी परकी नाही. वीस कडवी, प्रत्येक कडव्यात तीन चरण, पहिल्या दोहोंत आठ-आठ अक्षरे आणि तिसऱ्यात सात, अशी तिची मांडणी आहे. कडव्यांच्या जोड्या यमकाने बांधलेल्या आहेत. प्राचीन लॅटिन वृत्तांचा आधार स्वरांच्या ऱ्हस्वदीर्घत्वावर होता. मध्ययुगीन लॅटिन पद्याने तो सोडला आणि अक्षरसंख्या व आघात ह्यांवर नवी रचना उभारली. मराठीतही संस्कृत गणवृत्तांच्या शेजारी ओवी आणि अभंग हे अक्षरसंख्येवर चालणारे छंद नांदत आले आहेत. अशा छंदांत लघुगुरूचा भेद विचारात घेतला जात नाही, हे माधवराव पटवर्धन ह्यांनी ‘छन्दोरचना’त विस्ताराने दाखविले आहे. दोन्हीकडे विद्वानांच्या वृत्तापासून लोकांच्या छंदाकडे झालेली ही वाटचाल भक्तीच्या निमित्ताने झाली, हे साम्य लक्षणीय आहे.

भेद आहे तो आघाताचा. मराठीत शब्दावरील आघात सौम्य असतो आणि त्याने अर्थ बदलत नाही. म्हणून अभंग गाताना कोणतेही अक्षर लांबविले तरी शब्द मोडत नाही. लॅटिनमध्ये आघात स्पष्ट आहे आणि त्याचे स्थान नियमबद्ध आहे : उपान्त्य अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, नसेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. ‘दोलोरोसा’ (शोकाकुल) ह्या शब्दात तो तिसऱ्या अक्षरावर येतो. ‘ग्लादियुस’ (खड्ग) ह्या शब्दात पहिल्यावर. प्रस्तुत पद्यात आठ अक्षरी चरण पहिल्या प्रकारच्या शब्दाने आणि सात अक्षरी चरण दुसऱ्या प्रकारच्या शब्दाने संपतात. परिणामी प्रत्येक कडव्याच्या शेवटी दोन निराघात अक्षरे घरंगळत उतरतात. शोकाचा हा उतार कवीने छंदातच बांधून ठेवला आहे. संगीतकाराने तो बिघडविला नाही म्हणजे पुष्कळ झाले.

व्याकरणाचीही एक रचना ह्या पद्यात आहे. पहिली चार कडवी तृतीयपुरुषी भूतकाळात आहेत : माता उभी होती, तिच्या जिवातून खड्ग पार गेले. पाचव्या व सहाव्या कडव्यात कवी श्रोत्यासच प्रश्न विचारतो. सातव्या-आठव्यात पुन्हा कथन आहे. नवव्या कडव्यापासून मात्र संबोधन आणि आज्ञार्थ सुरू होतो. कवी मातेलाच हाक मारतो आणि तुझ्या दुःखाचा वाटेकरी कर अशी विनवणी करतो. वर्णनाकडून याचनेकडे, ‘ती’कडून ‘तू’कडे आणि ‘तू’कडून ‘मी’कडे होणारा हा प्रवास अभंगाच्या वाचकास ओळखीचा आहे.

(४)

पेर्गोलेझीने ही वीस कडवी बारा भागांत वाटली. वाटणी सारखी नाही. पहिल्या चार भागांना प्रत्येकी एकच कडवे आहे. पाचव्यात तीन, नवव्यात पाच, दहाव्यात व अकराव्यात दोन-दोन, उरलेल्यांत पुन्हा एकेक. ही विषम वाटणीच समीक्षेचा पहिला धागा होय, कारण थोड्या शब्दांवर बराच वेळ संगीत चालवायचे तर शब्दांची पुनरुक्ती अटळ ठरते.

पहिला भाग पाहावा. मंद्र तंतुवाद्ये एकसारख्या पावलांनी चालत राहतात. त्यावर एक आवाज उभा राहतो. त्याला लागूनच दुसरा आवाज येतो, इतका लगत की दोन शेजारचे स्वर एकाच वेळी वाजून कानाला बोचतात. मग एक स्वर खाली सरकतो आणि बोचणी सुटते, तोच वरची पायरी चढून पुन्हा तीच बोचणी. ही युक्ती पेर्गोलेझीने शोधलेली नाही. जुन्या चर्चसंगीतात ती रूढ होती. पण येथे तिचा उपयोग शब्दाच्या अर्थाशी जुळतो. पद्यातील पहिले क्रियापद ‘उभी होती’ असे अपूर्ण भूतकाळाचे आहे. घडून गेलेली क्रिया नव्हे, तर न संपणारी अवस्था त्याने सांगितली आहे. आणि संगीतही पुढे न जाता त्याच दुःखाच्या पायऱ्या चढते-उतरते. रूसोने आपल्या संगीतकोशात (१७६८) युगुलगीतांचा विचार करताना ह्याच भागाला सर्वांत परिपूर्ण व हृदयस्पर्शी म्हणून गौरविले, ते उगीच नव्हे.

दुसऱ्या भागात खड्ग शब्द येताच आवाजाला कंप सुटतो. सहाव्या भागात, पुत्राने प्राण सोडला हे सांगताना, सोप्रानोचे वाक्य विरामांनी तुटते. शब्दाची अक्षरे सुटी-सुटी पडतात, जणू सांगणाराच श्वास हरवून बसला आहे. पाचव्या भागात प्रश्नार्थक कडवी विलंबित लयीत आहेत आणि कथनात्मक कडवे सुरू होताच लय द्रुत होते. म्हणजे वाक्याचा प्रकार बदलला की लयीचा प्रकार बदलतो. व्याकरणाची इतकी सूक्ष्म जाण रचनाकारास कोठून आली?

त्याचे उत्तर मार्तीनी ह्यांच्या आक्षेपालाच उलटविणारे आहे. ती जाण रंगभूमीवरून आली. विनोदी संगीतिकेत संवाद भरभर जातो. शब्द कळला नाही तर विनोदच हरवतो. तेथे रचनाकाराला प्रत्येक शब्दाचा आघात, प्रत्येक वाक्याचा सूर, प्रश्न आणि उत्तर ह्यांतील चढउतार जपावाच लागतो. सेर्पिना ह्या मोलकरणीच्या तोंडी शब्द ठसठशीत बसविणाऱ्या हाताने मातेच्या शोकाचे शब्दही तसेच बसविले. १७४९ साली पोप चौदावे बेनेडिक्ट ह्यांनी चर्चसंगीतावर जे परिपत्रक काढले, त्यात नाटकी ढंगाचा निषेध आहे. पण त्याचबरोबर उपासनेचे शब्द श्रोत्यांस स्पष्ट कळले पाहिजेत असा आग्रहही आहे. पेर्गोलेझीच्या बाबतीत ह्या दोन अपेक्षा परस्परांच्या आड येतात, कारण शब्द स्पष्ट करण्याची विद्या त्याने शिकली ती नाटकाच्याच शाळेत.

(५)

तरीही मार्तीनी ह्यांचा आक्षेप सर्वस्वी निराधार ठरत नाही. त्याचे सर्वांत बळकट प्रमाण म्हणजे चौथा भाग. माता विलाप करीत होती, थरथरत होती, असा त्या कडव्याचा आशय. आणि संगीत मात्र शुद्ध गांधाराच्या मेजर स्वरसप्तकात, द्रुत दोन मात्रांच्या लयीत, ठोक्याला हुलकावणी देत उड्या मारणारे. शब्द न कळणाऱ्या श्रोत्यास हे एखाद्या चटपटीत नाट्यप्रवेशातील पद वाटेल.

ह्यावर एक बचाव संभवतो, आणि तो खानदेशातच मिळतो. अखाजीला भडगाव-पाचोऱ्याकडील मुली व सासुरवाशिणी झोक्यावर बसून जी अहिराणी गौराईगीते म्हणतात, त्यांत माहेर तुटल्याची, सासरच्या जाचाची दुःखे असतात. पण लय असते ती झोक्याचीच : हलकी, उसळती. गाणाऱ्या बाईला किंवा ऐकणाऱ्या बाईला त्यात विसंगती वाटत नाही. उलट, सणाच्या लयीत दुःख सांगता येते म्हणूनच ते सांगितले जाते. तेव्हा उसळती चाल आणि शोकाचे शब्द ह्यांचा मुळातच विरोध आहे, असे म्हणता येत नाही.

परंतु हा बचाव पूर्णपणे लागू पडत नाही, हेही मान्य केले पाहिजे. झोक्यावरील गीतात एकच चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत राहते. कडव्यामागून कडवे तीच चाल येत राहिल्याने ती पार्श्वभूमीस जाते आणि लक्ष शब्दांवर टिकते. चाल तेथे शब्दांवर भाष्य करीत नाही. ती त्यांना केवळ वाहून नेते. पेर्गोलेझीची पद्धती वेगळी आहे. त्याने कडव्यागणिक चाल बदलली, आणि चाल बदलण्याचा अधिकार ज्याने घेतला त्याने प्रत्येक चाल ही त्या कडव्याचा अर्थ लावण्याची जबाबदारीही घेतली. चौथ्या भागात ती जबाबदारी पार पडत नाही. शिवाय एकच लहान कडवे लांबवताना शब्दांची इतकी पुनरुक्ती होते, की कर्ता, क्रियापद आणि कर्म ह्यांचा अन्वय सुटून मागे केवळ ध्वनी उरतात. दोष तेथे आहे. चाल नाटकी आहे ह्यात नव्हे. याउलट नवव्या भागात पाच कडवी एका प्रवाहात जातात, वाक्ये अखंड राहतात, आणि शैली तितकीच नाट्यगीताची असूनही मार्तीनी ह्यांच्या आक्षेपाची आठवण होत नाही.

ह्या निष्कर्षास बाहेरून पुष्टी मिळते ती योहान सेबास्तियन बाखकडून. १७४० नंतरच्या दशकात लाइप्झिग येथे त्याने ह्याच संगीतावर एक्कावन्नाव्या स्तोत्राचे जर्मन पद्यरूप बसविले. मातेचा विलाप गेला, पापी मनुष्याचा पश्चात्ताप आला; लॅटिन गेली, जर्मन आली; चाली मात्र त्याच. बाखने गायनाच्या ओळींतील लय व अलंकरण जर्मन शब्दांना जुळेल असे बदलले, मधल्या तंतुवाद्याला स्वतंत्र काम दिले, अखेरच्या दोन पद्यांचा क्रम आपल्या मजकुराच्या ओघाप्रमाणे फिरविला, आणि शेवटचे ‘आमेन’ पुन्हा एकदा मेजर स्वरसप्तकात गावयास लावले. उपासनासंगीतात ज्याचा अधिकार वादातीत, त्या रचनाकाराला ह्या चाली देवालयात वर्ज्य वाटल्या नाहीत. परंतु भाषा बदलताच लयही नव्याने घडवावी लागेल, हे त्याने ओळखले. त्याच्या दृष्टीने पावित्र्य चालीच्या जन्मकथेत नव्हते; ते चाल आणि वाक्य ह्यांच्या जुळणीत होते.

(६)

मराठी भक्तिसंगीताचा इतिहास ह्याच दिशेने बोट दाखवितो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘सौभद्र’ (१८८२) रचताना साकी, दिंडी ह्यांसारख्या कीर्तनात रुळलेल्या चाली रंगभूमीवर नेल्या. म्हणजे येथे देवालयानेच रंगभूमीस प्रथम उसने दिले होते. पुढे प्रवाह उलटला आणि नाट्यपदांच्या चाली भजनात आल्या. १९३६ साली प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ ह्या चित्रपटासाठी शांताराम आठवले ह्यांनी लिहिलेले आणि केशवराव भोळे ह्यांनी स्वरबद्ध केलेले एक पद अनेकांनी तुकारामांचाच अभंग मानले. चित्रपटगृहात जन्मलेले पद गाथेतील म्हणून स्वीकारले गेले, ह्याचे कारण चरणाचरणाला पूर्ण होणारे वाक्य आणि वाक्याच्या बरोबरीने पूर्ण होणारी चाल, ही अभंगाची प्रकृती त्यात सांभाळली गेली होती.

ख्रिस्ती उपासनेतही हाच अनुभव येतो. मिशनच्या प्रार्थनामंदिरांतून इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसविले गेले, तेव्हा चालीचा ठोका मराठी शब्दाच्या प्रत्ययावर नाहीतर शब्दयोगी अव्ययावर आदळू लागला. चाली पवित्र होत्या, त्यांचे कुळ निर्दोष होते. तरी मराठी वाक्य त्यांत अवघडून बसले. कृष्णराव सांगळे आणि त्यांच्यामागून रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी देशी छंद आणि चाली स्वीकारल्या, तेव्हा ते अवघडलेपण गेले. बाखने जर्मनसाठी जे केले तेच येथे दुसऱ्या बाजूने घडले : त्याने लय भाषेप्रमाणे बदलली, ह्यांनी भाषेला तिची स्वतःची लय दिली.

गोव्यातील ‘मोतेत’ हा प्रकार ह्या दोहोंच्या मध्ये उभा आहे. उपवासकाळात गायिल्या जाणाऱ्या ह्या लॅटिन रचना दोन किंवा अधिक आवाजांसाठी, व्हायोलिनच्या साथीने, गोमंतकीय संगीतकारांनी केल्या. पोर्तुगालचा दरबार अठराव्या शतकात इटालियन संगीताकडे वळला होता. १७१९ साली दोमेनिको स्कार्लात्ती आणि १७५२ साली नेपल्सच्या शाळेत घडलेला दाव्हिद पेरेस लिस्बनला गेले. पण मोतेतचे आकर्षण केवळ ह्या वारशाने स्पष्ट होत नाही. ख्रिस्ताच्या यातनांचा एकेक प्रसंग, त्यासाठी निवडलेले मोजके लॅटिन वाक्य आणि त्या वाक्याएवढीच चाल, हा त्याचा घाट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) कोंकणी ही उपासनेची भाषा झाली. लॅटिन न जाणणाऱ्या पिढीपुढे मोतेत गाताना शब्दाकडून कळणारा अर्थ ओसरतो आणि बराचसा भार चालीवर येऊन पडतो.

तात्पर्य, मार्तीनी ह्यांनी विचारलेला प्रश्न महत्त्वाचा होता, परंतु उत्तर शोधण्याची जागा त्यांनी चुकीची निवडली. चाल कोठून आली ह्याने तिची योग्यता ठरत नाही. ती ज्या वाक्याला लावली ते वाक्य तिच्यात जिवंत राहते की नाही, ह्याने ती ठरते. ह्या कसोटीवर पेर्गोलेझीच्या रचनेतील पहिला, पाचवा, सहावा व नववा हे भाग उतरतात. चौथा उतरत नाही. सप्ताहातील चित्रपटगीताच्या चालीलाही हीच कसोटी लावावयास हवी. अभंगाचा चरण त्या चालीत मधेच तुटत असेल, नाम एका आवर्तनात आणि त्याचे क्रियापद दुसऱ्या आवर्तनात पडत असेल, आणि ऐकणाऱ्याच्या ओठांवर अभंगाऐवजी मूळ गाण्याचेच शब्द येत असतील, तर मान फिरविणाऱ्या टाळकऱ्याची नापसंती न्याय्य आहे. तसे होत नसेल, तर त्याने टाळ धरण्यास हरकत नसावी.